जो उभा राहील त्याची नायिका

प्रति,
मा. कार्याध्यक्ष,
वार्षिक स्नेहसंमेलन समिती,
मोतीबंदर मराठी मंडळ, झिंज, बहरीन.

विषय: आपल्या विनोदी काउबॉय मूकपटातील शेवटची मारामारी रद्द करण्याबाबत.
संदर्भ: शुक्रवारच्या झल्लाक किनाऱ्यावरील शूटिंगचा ग्रुपवरील मेसेज.

महोदय,

अर्जदार शेवंती, वय सत्तेचाळीस, व्यवसाय शिवणकाम व घरगुती डबे, ही सदर मूकपटाची नायिका आहे. मंडळातील मुलींनी उन्हाचे कारण सांगून अंग काढून घेतल्याने झालरीचा झगा अर्जदारानेच शिवला आणि अर्जदारानेच घातला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी की, नायिकेपायी भांडणारे दोन काउबॉय, म्हणजे चिपळूणचे ड्रायव्हर दत्ताराम आणि कराडचे मेकॅनिक सलील, यांतला कोण जिंकणार हे समितीने ठरवलेच नाही. कोकणवाले रुसतील, घाटावरचे रुसतील, म्हणून "जो उभा राहील तो जिंकला" एवढे लिहून आपण मोकळे झालात. हे दोघे एरवीही अर्जदाराच्या मागे आहेत, हे समितीला ठाऊक होते. समितीला त्याची गंमत वाटली.

परिणामी, तुबलीच्या गॅरेजातील शूटिंगमध्ये ठोसा खोटाच मारायचे ठरलेले असताना दत्तारामांचा दात पडला. नंतर सलील यांचे डोके पिंपावर आपटण्यात आले, टाके पडले. मग पाना आला. पाना कथेत नव्हता. त्याने दत्तारामांचे बोट मोडले. मूकपटात आवाज घेत नसल्याने "मेल्या, बिरडं ती माझ्यासाठी करते!" आणि "गप की रं, आज तुला खलासच करतो!" हे पडद्यावर कोणालाच ऐकू येत नाही. (बिरडे सगळ्याच डब्यांत जाते.) आपण स्वतः कॅमेऱ्यामागून "यल्ला, चला, अजून जोरात!" म्हणत होतात. तेवढा भाग पाहून सभासद पोट धरधरून हसले. पडद्यावर रक्त काळे दिसते. अर्जदाराने दोघांच्या शर्टांवरून धुतले ते लाल होते.

शुक्रवारी एकमेकांना समुद्रात बुडवायचे आहे. सलील यांना पोहता येत नाही, हे दत्तारामांनी अर्जदारास हसत सांगितले. आणि सलील यांनी बुटात सुरी लपवली आहे. ती अर्जदाराच्याच स्वयंपाकघरातली आहे.

तरी ही मारामारी रद्द व्हावी. अर्जदाराला दोघांपैकी एक मनापासून आवडतो. कोणता, हे येथे लिहिल्यास दुसरा शुक्रवारपर्यंत थांबणार नाही, म्हणून लिहिलेले नाही. तो धडधाकट राहिला, तर अर्जदार स्वतः त्याला सांगेल.

आपल्या उत्तरावर जीव टांगून बसलेली,
शेवंती
झिंज, दि. १४ जानेवारी २०२५