पप्पांची फाइल

प्रिय माया,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसेनासा झालाय, म्हणजे तिथंही मला दार बंद. म्हणून शेवटी कागद घेतला. दोनदा उल्हासनगरला तुझ्या बिल्डिंगखाली येऊन परत कुळगावला गेलो, वर यायचं धाडस झालं नाही. आपल्या घराला हा रोगच आहे, मनातलं ओठावर येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. पुढच्या रविवारी पप्पांना जाऊन वर्ष होईल. भन्तेजी येणार आहेत, घरच्या घरीच वंदना आहे. 'त्या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही' हा तुझा शेवटचा मेसेज मी आईला दाखवलेला नाही. ती तुझ्या तेजलसाठी फ्रॉक शिवतेय. तुम्ही तिघं येणार असं ती धरूनच चालली आहे.

अंत्यविधीला तू आणि प्रीतम गर्दीच्या पार मागे उभे होतात, परक्यासारखे. निघताना तू मला एवढंच विचारलंस, पप्पांनी माझ्याबद्दल काही लिहून ठेवलंय का. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, सगळं लिहिलंय, देतो तुला. रिटायर झाल्यावर त्यांनी मराठी टायपिंग शिकून आठवणी लिहायला घेतल्या होत्या. दोन बोटांनी टाइप करायचे आणि 'श्र' सापडला नाही की कीबोर्डला शिव्या घालायचे. बारवी धरणाकडचं त्यांचं बालपण, अंबरनाथच्या केमिकल कंपनीतली पहिली पाळी, सगळं त्यात होतं. तू झालीस त्या दिवशी अख्ख्या पाळीला जिलेबी वाटली, हेही होतं. ते तू वाचलंस की नाही, मला माहीत नाही. त्याच्या पुढची पानं वाचल्यावर जिलेबी कुणाच्या लक्षात राहणार?

देतो देतो म्हणत मी महिने घालवले. ऑक्टोबरात आपल्या जुन्या कंप्युटरवर नवीन विंडोज चढेना, तेव्हा मी सगळं पुसून लिनक्स टाकलं आणि ऑफिसात चार जणांना ऐकवलंही. मग आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवलेली पप्पांची फाइल उघडली, तर त्यांचा जुना मराठी फाँट तिथं नाहीच. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मी धड न बघताच सगळं एकदम निवडून कॉपी केलं आणि इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरमध्ये ओतलं. पलीकडून स्वच्छ, आजच्या फाँटमधली मराठी बाहेर आली. त्यांनी केलेली सजावट सगळी गेली होती, पण म्हटलं मजकूर मिळाला ना, बाकीचं आपण करू. मथळे ठळक केले, पानांना आकडे घातले. मध्येच कुठे कुठे 'शि.' आणि पुढे तारीख असायची, एका ठिकाणी टिंबांची ओळ होती. मला वाटलं, आपल्या शिवरामरावांची कामावरची हजेरी अजून सुटलेली नाही. वाचताना खटकतं म्हणून ते सगळं काढून टाकलं, पीडीएफ केली आणि तुला पाठवली.

ते वाक्य मीही वाचलं होतं, माया. तू प्रीतमशी लग्न करून गेलीस त्या दिवसाच्या पानावरचं. 'आजपासून मला मुलगी नाही.' गाळावं असं एकदा मनात आलं, पण वडिलांच्या लिखाणाला कात्री लावणारा मी कोण, असा मोठेपणा केला.

गेल्या आठवड्यात पप्पांच्या कंपनीतले बुधाजीकाका आले होते. जुन्या गोष्टी निघाल्या. "शिवराम रजिस्टरात कुणाला व्हाइटनर लावू द्यायचा नाय," ते सांगत होते. "चुकलं तर फक्त एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. बाजूला आपली सही नि तारीख. गोष्ट मोठी असली तर दुसऱ्याची पण सही पायजे." मी काढून टाकलेले 'शि.' आणि तारखा डोळ्यांसमोर आल्या. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर होतीच. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका डीटीपीवाल्याकडे गेलो. दुकानातल्या सिंधी काकांनी जुना कंप्युटर अजून जपून ठेवलाय. "फाँट पडा है अपने पास, टेन्शन मत ले," म्हणाले आणि फाइल उघडली. पप्पांनी ठेवलं होतं तसंच पान समोर आलं आणि मी भर दुकानात रडलो. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

ते पान छापून सोबत ठेवलंय, त्यासाठीच हे पत्र. बघ, त्या वाक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आहे. कन्व्हर्टरमध्ये तीच गळून गेली होती. पुढे 'शि.', ९/११/१९. म्हणजे तेजल झाली तो आठवडा. त्यानंतर पाच वर्षं ते जगले आणि कुणाजवळ एक शब्द बोलले नाहीत, याचा मला त्यांच्यावर रागही येतो. अशा रेघा फाइलभर आहेत, गावांची नावं चुकली, सालं चुकली म्हणून मारलेल्या. पण दुसऱ्या सहीसाठी टिंबं फक्त या एका वाक्यापुढे आहेत, आणि ती जागा तुझ्याशिवाय कुणाची असणार? सही करायची की नाही ते तू ठरव. रविवारी यायचं की नाही, तेही. मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, पण एवढं ऐक. 'आजपासून मला मुलगी नाही' हे तुला पप्पांनी सांगितलं नाही, माया. ते मी सांगितलं.

तुझाच, जिना चढायला घाबरलेला,
सम्यकदादा