पूर्वपक्ष

१४ मार्च, दुपार

चि. शंकेखोरबाईंस,

अनेक आशीर्वाद. बाळ झोपू देतं का? नसेल तर माझ्याकडे तक्रार करू नकोस, मलाही हल्ली झोप नाही. स्टाफरूमचा पंखा एकदाचा दुरुस्त झाला. तू रजेवर गेल्यापासून तुझ्या खुर्चीवर शिपाईमामांनी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेत. उचलायला सांगतो.

तू फोनवर विचारलंस, बैठकीत काय झालं. मी म्हटलं, चर्चा झाली. तेवढंच नाही झालं. आपला तत्त्वज्ञान विभाग पुढच्या वर्षीपासून बंद करावा, अशी शिफारस झाली. माझं काय, मी जूनमध्ये निवृत्तच होतोय. नोकरी तुझी जाणार.

मी बोललो. आपल्या वर्गातल्या नियमानेच: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, असं मांडायचं की त्याने मान डोलवावी, मगच ते खोडायचं. मांडलं. बाकं रिकामी असतात, पालकांना मुलांची नोकरी दिसायला हवी, आणि विचार करायला वेगळा विभाग कशाला, बाकीचे काय बिनडोक आहेत? सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, "खुद्द सरच असं म्हणतात म्हटल्यावर प्रश्नच मिटला." आणि चहा आला.

हसलीस ना? मीही हा किस्सा सगळ्यांना असाच सांगत सुटलोय. पुढचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. कप हातात देताना प्राचार्यांनी विचारलं, "सर, तुमचं अजून काही राहिलंय का?" मी म्हणालो, "नाही."

उत्तर तोंडपाठ होतं गं. दुसऱ्याचं पुरतं ऐकून मग ठरवायची सवय, एवढंच तर आपण लावतो. ती नसलेला माणूस डॉक्टर होवो की मंत्री, सगळ्यांना महागात पडतो. पण आयुष्यभर हेच सांगून मी कंटाळलोय. त्यांची बाजू मांडता मांडता मला वाटलं, असेलही त्यांचंच बरोबर. मग मी बिस्किट खाल्लं. फार लाज वाटते.

मंगळवारी नियामक मंडळ अंतिम निर्णय घेणार आहे. बोलणाऱ्यांत तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. हवं तेवढं रागव, पण ये. समोरच्यांची बाजू मांडत बसू नकोस, ती माझी मांडून झाली आहे. बाळाला घेऊन मी बाहेर बाकावर बसतो. ते रडलं तरी तू बोलणं अर्धवट सोडून उठू नकोस.

तुझ्याच भरवशावर,
सर