डेनिसची गिटार कुणी पुसली?

गुरुवार, ८ जानेवारी १९८१. सकाळी ११.

सुट्टी. इम्तियाजच्या दुकानात रेकॉर्ड देऊन आलो. आख्ख्या पिंपरीत 'स्टील हाउंड्स' या रॉक बँडची ही एकच एल.पी. आहे. आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकणारी चार नंबरची प्रेस बसवायला जर्मन इंजिनियर आला होता, तो जाताना मला देऊन गेला. बाकीच्यांना चॉकलेटं दिली. माणसाची पारख म्हणतात ती ही.

इम्तियाजचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा भाऊ बरकत शारजाहून थ्री-इन-वन स्टिरिओ घेऊन आलाय, सोबत हेडफोन. माझ्या रेकॉर्डची कॅसेट भरून देणार. बरकतने समजावलं की स्टिरिओत एक वादक या कानात वाजतो आणि दुसरा त्या कानात. मी मान हलवली. हार्ड रॉकवाल्याला हे सांगावं लागत नाही.

'स्टील हाउंड्स' फॅन क्लब, पिंपरी शाखा. अध्यक्ष मी. सेक्रेटरी इम्तियाज. सभासद स्टोअर्समधला ज्योतीराम, तोही सेकंड शिफ्ट नसेल तेव्हा.

शनिवार, १० जानेवारी. संध्याकाळी.

घात झाला.

दुकानात हेडफोन लावून कॅसेट ऐकली. ड्रम आहे, गाणारा आहे, रॉजरची गिटार आहे. दुसरा गिटारवाला डेनिस नाही! जिथे त्याचा सोलो यायला हवा तिथे शुकशुकाट, आणि रॉजर आपला एकच सूर खराखरा घासतोय. इम्तियाजला विचारलं तर म्हणे, "बबनभाऊ, अल्लाकसम, दोन्ही गिटार आहेत."

तडक घरी आलो. रेकॉर्ड माझ्या एका स्पीकरच्या जुन्या प्लेयरवर लावली. डेनिस हजर! म्हणजे रेकॉर्डमध्ये आहे, कॅसेटमध्ये नाही. मधे हात कुणाचा? इम्तियाजचा. एवढं तर पोराबाळांनाही कळेल.

कारणही सापडलं. हा पहिल्यापासून रॉजरचा माणूस. दिवाळीत चहाच्या टपरीवर म्हणाला होता की खरा बँड रॉजरच्या जिवावर उभा आहे, डेनिस नुसता नखरेल. मी तेव्हा मोठ्या मनाने सोडून दिलं. त्याने मनात ठेवलं आणि डाव साधला.

सोडणार नाही.

सोमवार, १२ जानेवारी.

निश्चय:
१) इम्तियाजशी बोलणं बंद.
२) सेक्रेटरीपदावरून हकालपट्टी.
३) लेखी माफी. सही डेनिसच्या फोटोसमोर.

मंगळवार, १३ जानेवारी.

बोलणं बंद केल्याचं त्याला कळावं म्हणून दुकानात गेलो. तासभर समोर बसून बोललो नाही. तो रेडिओला सोल्डरची झाळ मारत बसला होता, त्याच्या लक्षातच आलं नाही. शेवटी सांगावं लागलं की मी तुझ्याशी बोलत नाहीये. तो म्हणाला, बरं, चहा घेणार का. घेतला. तत्त्व वेगळं, चहा वेगळा.

शुक्रवार, १६ जानेवारी. फर्स्ट शिफ्ट.

फोरमन सोपानराव माझ्यावर खार खाऊन आहेत. म्हणे तीन हाका मारल्या, मी वळून पाहिलं नाही. हाक मारायची तर माणसाने पोटातून मारावी. हल्ली सगळेच पुटपुटतात. घरी बायको रुक्मिणीसुद्धा. कंपनीतली एकजात मंडळी इम्तियाजला सामील झालीयेत की काय अशी शंका येते, पण सोपानराव त्याला ओळखत नाहीत. चौकशी करायला हवी.

वर पुन्हा कानात कापूस का घालत नाही म्हणून ओरडले. अकरा वर्षं घातला नाही, आता घालू? प्रेस पडते तेव्हा धडामधूम होतं त्याच ठेक्यावर मी रॉक शिकलो. आवाजाला भिणाऱ्याने भजनी मंडळात जावं.

गुरुवार, २२ जानेवारी.

ज्योतीरामला साक्षीदार म्हणून दुकानात नेलं. त्याने हेडफोन लावला, डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाला, राव, दोन्ही एक नंबर वाजतायत. इम्तियाजने आधीच त्याला भजी चारली होती. भज्यांवर विकला गेला! ज्योतीरामचंही सभासदत्व रद्द. आता क्लबात मी एकटा. क्लब प्रथमच शुद्ध झाला.

मंगळवार, २७ जानेवारी.

ठरलं. पंच नेमायचे. आमच्या गावाकडे बांधाचा तंटा पंचांपुढे जातो, तसा हा जाईल. पाच माणसं, एकेकाने ऐकायचं, आणि मग चारचौघांत इम्तियाजचं नाक कापायचं. पुढच्या गुरुवारी, संत तुकाराम नगरात, आमच्याच चाळीच्या गॅलरीत. इम्तियाजला आव्हान दिलं. तो हसून म्हणाला, स्टिरिओ मीच रिक्षाने आणतो. चोराच्या उलट्या बोंबा. पण रिक्षा आणणार असेल तर आणू दे.

माफीनाम्याचा मसुदा तयार. 'मी, खाली सही करणार, डेनिसचा गुन्हेगार...' फार जोरदार झालाय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. दुपारी २.

पंच: शाळामास्तर मारुतराव, बरकत (विरोधी पक्षाचा, पण मी उदार आहे), शेजारचा किसन, पोस्टमन भिवा, आणि मावळातल्या गोजाबाई, ज्या लेकाकडे राहायला आल्यात. गोजाबाईंना मी मुद्दाम घेतलं. त्यांना रॉजर नको आणि डेनिसही नको. असा निःपक्षपाती पंच सुप्रीम कोर्टातही मिळायचा नाही.

मारुतराव म्हणाले, दोन आहेत. बरकत म्हणाला, दोन. किसन, दोन. भिवाने बोटं दाखवली, दोन. माझा भरवसा गोजाबाईंवर. त्यांनी पदरावरूनच हेडफोन चढवला आणि लगेच काढून फेकला. म्हणाल्या, "आरं, ह्या बी कानात कुत्री भांडत्यात न् त्या बी कानात! एका बाजूनं तरी गप ऱ्हावा की!"

सगळे हसले. मी म्हणालो, सगळेच फितूर. हेडफोन ओढून घेतला, लावला. डेनिस नाही. नाहीच!

तेव्हा इम्तियाज उठला. त्याने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा फिरवला, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे, आणि परत लावला.

डेनिस आला! काय वाजवत होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रॉजर पार गेला. मी ओरडलो, पकडला! हेडफोनमध्ये लपवला होतास!

कुणीच हसलं नाही. इम्तियाज हेडफोन काढून घेऊन माझ्या डाव्या बाजूला गेला, हात कानाजवळ आणला. मला त्याची बोटं हललेली दिसली. चुटकी वाजवली असावी. मग तो उजवीकडे आला आणि विचारलं, बबनभाऊ, प्रेसवर किती वर्षं झाली?

हात दाखवून अवलक्षण.

शनिवार, ७ फेब्रुवारी.

कंपनीच्या डॉक्टरकडे गेलो. डावा कान गेलाय म्हणतो, उजवा सांभाळा. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी. तरी कापूस घेतला. नुसता हातात धरून आलो.

सूड घ्यायचा तर आता माझ्या चार नंबरच्या प्रेसवर घ्यायला हवा. दिवसभर तिच्याकडे रोखून बघितलं. शिफ्टमध्ये नेहमीपेक्षा चाळीस पीस जास्त निघाले. सोपानराव खूश.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. दुपारचा चहा.

इम्तियाज सकाळी आला होता. दुसरी कॅसेट आणलीये. वायर जोडून दोन्ही गिटार एकत्र केल्यात, कुठल्याही कानाने ऐका. मी म्हणालो, ड्रम जरा जास्त झालाय. तसं काही नाही, उगाच म्हणालो. तो म्हणाला, करतो कमी. रडू आलं तर काय करायचं म्हणून मी त्याला सेक्रेटरी केलं परत.

तो गेल्यावर रुक्मिणीला कानाचं सांगितलं. आठवडाभर धीर होत नव्हता. वाटलं घाबरेल, रडेल. ती शेंगा निवडत बसली होती, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, मला तीन वर्षांपासून माहीत आहे. म्हणून तर अंथरूण तुमच्या उजवीकडे आणलं.

मी चिडलो. म्हटलं, मग मला सांगायला काय झालं होतं?

म्हणाली, रोज सांगत होते. तेव्हा डावीकडे झोपत होते ना.