दोरीचं दुसरं टोक

१९ ऑगस्ट १९६५, गुरुवार

मुंबईहून भावोजी आले. येताना माझ्यासाठी इंग्रजी मासिक. सौ. म्हणाली, "ह्या काय खाऊक येता?" मी मात्र जेवायचं विसरलो. आत फोटो आहे! अमेरिकन माणूस यानाच्या बाहेर, अधांतरी. अंगाला दोरी, तोंडावर काच, खाली ढगच ढग. चार वर्षांपूर्वी पहिला माणूस वर गेला तेव्हापासून कात्रणं चिकटवतोय. पण असा फोटो नाही बघितला.

फोटोच्या दुकानातल्या माझ्या कॅमेऱ्यात शेवटचा एकच फोटो शिल्लक. नवा रोल कोल्हापूरहून कधी येईल देव जाणे.

चारला वासू आला, मासे विकणाऱ्या रुक्मिणकाकीचा एकुलता एक. डोक्याला तेल, अंगात कोणाचा तरी उसना शर्ट. "काका, उद्या गलबत सुटता. मंगळूराक, कौलां हाडूक. आवशीसाठी एक फोटो काढून ठेवा." मी मासिक भिंतीला टाचत होतो. मागे वळलोसुद्धा नाही. म्हटलं, "रोल संपलो रे. परत इलंस की काढू." "बरां," म्हणाला. गेला.

ऊन जायच्या आत मासिकातल्या फोटोचा फोटो काढला. कडेचं यान, दोरीच्या दुसऱ्या टोकासकट, फ्रेममध्ये मावेना, सोडून दिलं.

२० ऑगस्ट

गलबत सकाळी सुटलं. रोल धुतला. निगेटिव्ह फक्कड! मोठी प्रत करून दुकानाच्या काचेत लावणार.

१४ सप्टेंबर, मंगळवार

गलबत बुडालं. कारवारच्या पुढे वारा फिरला म्हणतात. चौघे फळीला धरून वाचले. वासू नाही. नांगर अडकला होता म्हणून कमरेला दोरी बांधून खाली उतरला, तेवढ्यात गलबत कलंडलं. बुडी मारायला नेहमी त्यालाच पुढे करत.

बाजारात सगळ्यांचे कान रेडिओला, लढाईच्या बातम्यांना. आमच्या गलबताचं कोणाला काय.

मी त्याला खोटं सांगितलं. एक फोटो होता. होता.

१७ सप्टेंबर

काकी दुकानात आली. टोपली बाहेर ठेवली, हात पदराला पुसले. "माझ्या झिलाचो फोटो दी. तुझ्याकडे काढूक जातंय म्हणान गेलो, तो थंयसूनच गलबतार चढलो."

बिचारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपडत काचेपाशी गेली. तिथे तो अमेरिकन. काळ्या पाण्यात लोंबकळल्यासारखा, खाली पांढरा फेस, दोरी.

"ह्योच मां? बुडी मारता तो?"

सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे. म्हटलं, "होय काकी."

"तोंडार काय ह्या?"

"काच."

"शाणो माझो झील. डोळ्यांत खारा पाणी जाऊक नको." प्रत काचेतून काढून दिली. तिने ती छातीशी धरली आणि टोपली तिथेच विसरून गेली. टोपली मी नेऊन दिली. माझ्यासारखा नीच मीच.

१० नोव्हेंबर, बुधवार

काकीचा दीर भिकू आला होता. भावकीचं ठरलंय, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, पोराला गती मिळू दे. म्हातारी ऐकेना. फोटो पुढे करते. म्हणते, "दोरी बगा. दोरी तुटलेली नाय. म्हणजे वर कोणतरी धरून आसा." त्या वाचलेल्या चौघांना दारात उभं करत नाही. म्हणते, माझ्या झिलाक टाकून इलास.

फोटोतलं तोंड काचेआड, भिकूलाही तो वासूच वाटतो. मला म्हणाला, "फोटो तुम्ही काढलास. तुम्हीच समजवा तिका."

सौ.ला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "आता जावा आणि खरां सांगा."

१२ नोव्हेंबर

गेलो. फोटो देव्हाऱ्यात, त्याला अबोलीच्या फुलांचा वळेसर घातलेला. काकीने पेज वाढली. खाल्ली. हवापाणी बोललो. परत आलो.

सौ.ने विचारलंच नाही. तोंडावरून कळलं असणार.

२८ नोव्हेंबर, रविवार

नवा रोल परवाच आलाय. आज काकी आली. टोपलीत मासे नाहीत, काथ्याची दोरी. वासूची जुनी, घरात खुंटीला असायची.

"भिकू म्हणता, दोरयेचा दुसरा टोक खंय आसा ता दाखय. ता दिसना नाय फोटोत." मीच कापलं होतं ना ते! "तू जत्रेत फोटो जोडून देतंस. नवरो मुंबैक, बायल हंय, आणि दोघां एका खुर्चेर. तसो माझो काढ. टोक माझ्या हातात दिसाक होया. मगे बगतंय कोण पुतळो जाळता तो."

"काकी, तो फोटो..."

"काय?"

"काय नाय. उजेडात बस."

बसली. दोरी दोन्ही हातांनी अशी धरली की शिरा वर आल्या. "हलू नको," म्हटलं तर म्हणते, "हलतंय कशाक? सुटतली मां." कॅमेऱ्याच्या काचेत ती उलटी दिसत होती. मी रडत होतो. तिला दिसलं नाही याचं बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

कळ दाबली.

३० नोव्हेंबर

रोल संपल्याशिवाय धुता येत नाही. तिलाही तेच सांगितलंय, आणि या खेपेला ते खरं आहे. एका रोलमध्ये बारा. जोडून दिला तर तिचा मुलगा जन्मभर पाण्यात लटकत राहणार, न दिला तर तिच्या हातातली दोरी मीच सोडवणार. सौ. म्हणते, ज्याने गाठ मारली त्यानेच सोडवायची.

आज शाळेतल्या बाईंच्या मुलीचे दोन काढले, स्थळाला पाठवायला. तिसरा मागत होत्या. नको म्हटलं, दोन पुरे.

संध्याकाळी मासळीबाजारातून जाताना काकीने पावलांवरून ओळखलं. "झालो काय रे?"

"रोल संपाक होयो, काकी. नऊ रवले."

"मगे संपय मां, मेल्या! गिराईक नसात तर माझेच काढ. मी बसतंय."