संस्कृतीच्या नावाची डबी

नेकनूर
ता. ६ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस आजी नीलाबाईचे अ. उ. आ.

आधी आली ती अंगणवाडीची ताराबाई. चपला न काढताच ओट्यावर टेकली अन् म्हणली, मावशी, पाव्हणे येऊ लागलेत, तुमच्या नातीच्या विद्यापीठाचे. तवर गाडी आलीच. तिच्यातून सायली मॅडम उतरल्या, तुझ्याएवढ्याच दिसत्यात, उन्हानं पार काळवंडल्या बिचाऱ्या. म्हणल्या, शिवांजली आमच्याच प्रयोगशाळेत हाय, पर तिला तपासायच्या डबीवर निस्ता नंबर दिसतो, नाव न्हाई. मी समद्या गल्लीला हाका मारून सांगितलं, माझ्या नातीच्या हापिसातली माणसं हायत म्हणून.

मला इचारलं, आजी काल काय काय खाल्लं? पोरी, सत्तर वर्सांत मला असं कुणी इचारलं न्हाई. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. भाकरी, अंबाडीची भाजी, ताक, दुपारी चार शेंगा, शेजारच्या चतुराबाईकडं जराशी आंबील. उज्ज्वला डोळ्यानं दटावत व्हती, आता बास म्हणून. तुझी भावजय लई मोजून बोलती, तुला माहीतच हाय.

मंग उज्ज्वलाच्या संस्कृतीला काट्यावर ठेवली. वीस महिन्याची पोर, अन् काटा साडेसात किलोला अडकला. उज्ज्वलानं तोंड फिरवलं. बीडच्या डॉक्टरनं दोनदा टॉनिक बदललं, तरी अंगाला लागत न्हाई. मॅडमनी समजावलं, पोटात डोळ्याला न दिसणारे जीव असत्यात. चांगले जीव वाढले तर खाल्लेलं अंगी लागतं. लेकराची शी तपासायची, अन् ज्यांच्या पोटात ते जीव कमी त्यांना तीन महिने खाऊ द्यायचा, हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणे अन् केळं घालून केलेला. एक डबी देऊन गेल्या, सकाळी न्यायला आल्या.

डबी मीच भरून दिली, उज्ज्वला भाकरी करत व्हती. तू लेकराचा घोर करू नको, मी बसलेली हाय इथं.

फोनवर सांगितलं असतं, पर तुझा भाऊ फोन मोठ्यानं लावतो, मंग समदं घर ऐकतं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं अक्षर हाय, हसू नको. माया हाय तेवढीच ऱ्हाऊ दे, कमी झाली तर मला इथं कळतं.

तुझी आजी

मुलींचे वसतिगृह
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोन मैत्रिणींना वाचून दाखवलं. आंबील राहिली ना चतुराबाईकडे, की सगळी तूच संपवलीस?

एक गंमत सांगते. नेकनूरच्या डब्यांमधली एक डबी आम्हाला फार छळते आहे. वय लिहिलंय दीड-दोन वर्षांचं, पण आतले जीव अगदी मोठ्या माणसाचे, जन्मभर भाकरी-ताक खाल्लेल्या. इतकं भरलेलं, निरोगी पोट आम्ही या वर्षात पाहिलं नाही. सर म्हणतात, या बाळाचं उत्तम चाललंय, त्याला खाऊची गरज नाही. महिनाअखेर यादी पक्की होईल. मला मात्र चैन पडत नाही. नाव मला कळत नाही आणि कळूही नये. पण मोजण्यात माझीच चूक झाली असेल तर एखादं अशक्त लेकरू माझ्यामुळे यादीतून सुटेल. तीनदा मोजलं, तेच येतंय.

संस्कृतीचं वजन कळव. वहिनीला सांग, मी रोज आठवण काढते. तुझा लोभ आहेच, त्यात वाटेकरी नको.

तुझी शिवांजली

नेकनूर
ता. २७ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीस अ. उ. आ.

तुझी मोजणी बरोबर हाय. ते पोट माझं हाय.

वाचून आधी मला जरासं बरं वाटलं, खोटं कावून बोलू? एवढं निरोगी पोट म्हणं. मंग पुढची ओळ वाचली अन् संस्कृतीकडं बघितलं. यादीतून सुटलेलं लेकरू आपल्याच घरातलं.

तुला कुणी सांगितलं न्हाई, तुझ्या बापाच्या आधी मला एक पोर झालती. हिच्यासारखीच वाळत गेली. एक परकी बाई तिचं झबलं मागून घेऊन गेलती, अन् महिन्याच्या आत पोर गेली. समदे म्हणले, झबल्यावर करणी केली. ते माझ्या मनातून कधी गेलंच न्हाई. मॅडम चांगल्या, पर डबी किती हातांतून जाणार, कुणाला ठाऊक. लेकराच्या अंगातलं परक्याच्या हाती कसं देऊ? म्हणून पहाटं परसाकडं गेले तवा माझंच भरलं. म्हणलं, जे व्हायचं ते म्हातारीला होऊ दे.

पत्र आलं तसं आधी उज्ज्वलाला सांगितलं. ती पीठ मळत व्हती, हात तसेच ऱ्हायले. एवढंच म्हणली, "आजी, तिच्या डबीत तुमी तुमचं कावून दिलं?" मंग दोन दिस ताट वाढायची, पर माझ्याकडं बघायची न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

मीच ताराबाईकडं गेले, मॅडमला फोन लावायला लावला. त्या काल आल्या. शिवरात्रीचा उपास, घरात भगर शिजलेली. मला वाटलं आता गल्लीत फजिती व्हणार. पर त्या हसल्या न्हाईत, रागावल्या बी न्हाईत. माझ्या पोरीचं इचारलं, किती महिन्याची व्हती, जुलाब व्हते का, दूध कवा तुटलं. समदं सांगितलं. म्हणल्या, आजी, ती करणी नव्हती, ते पोटच व्हतं. पन्नास वर्सं त्या बाईला शिव्या देत आले गं मी.

नवी डबी आज सकाळी उज्ज्वलानं भरली. मी जवळ गेले न्हाई, तिनंच बोलावलं अन् झाकण घट्ट बसलंय का बघा म्हणली. बघितलं. मंग मॅडमच्या माणसाच्या हातात तिनं दिली, अन् गाडी वळणाला जाईस्तवर दोघी उभ्या ऱ्हायलो. वजन इचारलंस, अजून साडेसातच हाय.

पहिली यादी तयार झालीय. सरांना समदं सांगून बघते, मॅडम म्हणल्या, शब्द दिला न्हाई. डबी तुझ्याकडं आली तर नंबर नवा असंल, तुला कळायचं न्हाई. तरी समद्याच डब्या नीट मोज, बाई. म्हातारीची चूक पदरात घे.

मॅडम यादीचं काय ते सांगायला परत येणार हायत, मंगळवारी, चार तारखेला.

तुझी आजी