शुद्ध मराठीत अर्थ लिहा

२ फेब्रुवारी, सोमवार
छप्पन्न वर्षांनी लोणारला आले. मेहकरच्या गाडीतून उतरताना कंडक्टर म्हणाला, "बॅग दे इकडं माय, पडशीन." माय! अमरावतीत चाळीस वर्षं छापखान्याची मुद्रितं तपासली, तिथे मी सगळ्यांची मॅडम होते. स्टँडवरच हसू आलं, आणि थोडं रडूही.

सातव्या वर्षापर्यंत मी इथली. माझे वडील, दादा, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी मला नागपूरच्या कॉन्व्हेंटात बोर्डिंगला ठेवलं आणि गाव सुटलं ते सुटलंच.

खोली फार छान मिळाली. खाली नजीरभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी येतात, दाराशी तांब्याच्या तारेची भेंडोळी टांगलेली असतात. दुकानामागे ते आणि अमीनाबी राहतात, वर मी. अमीनाबींनी चहा दिला. मी तो बशीत ओतून प्यायले, तशा त्या खूश होऊन म्हणाल्या, "आपल्यातल्याच निंगाल्या बाई तुम्ही तं!"

खिडकीतून कडुलिंब दिसतो. आज शांत झोप लागेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार
काम मनासारखं आहे. जुन्या जिनिंगच्या गोदामावर सहा टेबलं, सहा संगणक, कानाला लावायची यंत्रं. प्रकल्प सरकारचा, चालवणारे कंत्राटदार. आमचे प्रमुख जीवन सर तिशीतले आणि फार अदबीचे. संगणकाला वऱ्हाडी शिकवायची आहे, म्हणजे कुणी शेतातून फोनला विचारलं, "पानी कवा येईन?" तर त्याला नीट उत्तर मिळेल.

वीस-तीस सेकंदांचा बोलण्याचा तुकडा ऐकायचा. पुढे तीन चौकटी. पहिलीत ऐकलं तसं लिहायचं, दुसरीत शुद्ध मराठीत अर्थ, तिसरीत भाव: शांत, घाई, भीती, राग किंवा उपरोध. नावाच्या जागी 'टुक्' वाजतं. आवाजही बदललेले, सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे. लोकांचा खासगीपणा जपायला हवा ना, असं सर म्हणाले. मला ते फार आवडलं.

आज एक म्हातारा कुणाला तरी म्हणत होता, "काऊन बे, फोन काऊन नाही उचलत? मेला का?" किती माया होती त्यात! पण यादीत माया नाही. उपरोध लिहिलं.

बोर्डिंगात 'मले-तुले' म्हणणाऱ्या मुलीच्या गळ्यात सिस्टर एक लाकडी चकती अडकवत. ती उतरवायची असेल तर दुसरीला तसं बोलताना पकडून द्यायचं. चकती दोन दिवस माझ्या गळ्यात होती. मग मी रुबिनाला पकडून दिलं. ती माझ्याच शेजारच्या कॉटवर झोपायची. तेव्हापासून माझी मराठी शुद्ध आहे. आता या वयात, घालवलेली बोली ऐकायचे पैसे मिळतात याची गंमत वाटते.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सरांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. माझे अर्थ वाचायला सोपे जातात म्हणे. संगणकालाही ते आवडतात आणि काही चौकटी तो आता स्वतःच भरतो. वाचून पाहिलं तर वाक्यं अगदी माझ्या वळणाची.

एक तुकडा जरा अडला. "गोळा सुटला का लगेच ये बे टुक्. सामान बांधून ठेवलं हाय. मांगच्या दारानं ये, समोर लई गर्दी राह्यते." गोळा कसा सुटेल? सुटते ती गोळी. कुणी सिनेमाची गोष्ट सांगत असावं. लिहिलं: "गोळी सुटताच लगेच ये. माल बांधून ठेवला आहे. मागच्या दाराने ये, पुढे गर्दी असते." सामानाचा माल मीच केला; वाक्य बसतं चांगलं. भाव: घाई.

अमीनाबींनी जिन्यातून विचारलं, रोज संध्याकाळी बोलता कोनासंगं? मला लाज वाटली. सिस्टर म्हणत, लिहिता ते ओठांवर आणा, चूक होणार नाही. ती सवय छप्पन्न वर्षं झाली तरी गेली नाही. रोजनिशीसुद्धा मी पुटपुटतच लिहिते. शेजारी फक्त फोन असतो, वेळ बघायला.

१४ फेब्रुवारी, शनिवार
अमीनाबींना रेशनच्या नोंदणीसाठी सरकारी अ‍ॅप हवं होतं. नजीरभाईंच्या फोनमध्ये ते गेल्या वर्षीपासून आहे. माझ्याही फोनमध्ये नोकरी लागताना घातलं होतं. ते एकेक परवानगी विचारत गेलं: फोटो, पत्ता, माइक. "काय म्हन्ते बाई तो?" मी म्हटलं, काही नाही, होय म्हणा. चष्मा नव्हता त्यांचा, म्हणून त्यांचं बोट धरून मीच 'होय' दाबत गेले. सात वेळा. मग त्यांनी मला शिरखुर्म्याचं आमंत्रण देऊन टाकलं. ईद अजून महिनाभर लांब आहे!

१९ फेब्रुवारी, गुरुवार
आज पहिला रोजा. अमीनाबींनी लवकर बोलावलं होतं, म्हणून कामावरून साडेपाचला निघाले. नजीरभाई कागदात खजूर, केळं, भजी बांधत होते. स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या रोजेदारांसाठी अशा पन्नास पुड्या ते दर रमजानला देतात. त्यांचा मेव्हणा नौशाद ऑटो चालवतो, तोच त्या नेतो. नजीरभाईंनी त्याला फोन लावला आणि बांधता बांधता म्हणाले—

गोळा सुटला का लगेच ये बे नौशाद. सामान बांधून ठेवलं हाय. मांगच्या दारानं ये, समोर लई गर्दी राह्यते.

माझ्या हातातला पेला पडला. अमीनाबी म्हणाल्या, राहू द्या बाई. तेवढ्यात मशिदीमागच्या टेकाडावरून धडाम् आवाज आला. कडुलिंबावरचे सगळे पोपट उडाले. अमीनाबींनी माझ्या तळहातावर खजूर ठेवला. "गोळा सुटला, घ्या." रोजा सोडायची वेळ गावाला कळावी म्हणून उडवतात तो दारूचा गोळा.

आणि मला आठवलं. दादा मला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर उभे राहायचे. "कान झाक बाप्पा, गोळा सुटते आता." त्या आवाजावर ते दवाखान्याचं घड्याळ लावायचे. मला माहीत होतं. मला हे माहीत होतं.

तो तुकडा गेल्या रमजानचा असणार. कुणी वर्षभर जपून ठेवला होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सरांकडे गेले. म्हटलं, माझ्या हातून चूक झाली, दुरुस्त करू द्या. तुकडा वर गेला, म्हणाले. वर म्हणजे कुठे? ते त्यांनाही सांगता येईना. दुरुस्तीचा एक अर्ज असतो. त्यात पहिलाच प्रश्न: बोलणारी व्यक्ती कोण आहे, हे तुम्हाला कसे कळले?

ती जागा कोरी ठेवली. कोरी जागा असली तर अर्ज पुढे जात नाही.

सर समजुतीने म्हणाले, एका तुकड्याने काय होतं मॅडम? आणि मला पडदा दाखवला. संगणक माझ्याकडून शिकला होता. 'गोळा सुटला' जिथे जिथे आलं, तिथे त्याने 'गोळी सुटली' केलं होतं. दोनशे चौदा ठिकाणी. सगळी लोणारची.

२३ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी साध्या कपड्यांतली तीन माणसं आली. नजीरभाईंना नेलं, ऑटोस्टँडवरून नौशादला. तांब्याच्या तारेची भेंडोळी पोत्यात भरून नेली. पुड्या बांधायची सुतळीसुद्धा. गोळी कुणावर सुटणार होती, असं विचारत होते. नजीरभाई हसले. त्यांना खरंच गंमत वाटली. "साहेब, गोळी नाही, गोळा. रोज सुटते. संध्याकाळपर्यंत थांबा, तुमीबी ऐकसान." मग एकाने त्यांची मान खाली दाबली.

अमीनाबींनी माझे हात धरले. "बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. बुलढाण्याले चाला माह्यासंगं. सांगा त्याईले गोळा म्हनजे काय."

गुरुवारी जाणार आहोत. एवढं एक वाक्य नीट सांगितलं तर माणूस घरी येईल. ते चुकीचं लिहिणारी मीच, हे मात्र मी अमीनाबींना सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आजचा अकरावा तुकडा. पत्र्याचा आवाज, बाईचा, पुटपुटणारा. "सामानाचा माल मीच केला; वाक्य बसतं चांगलं."

हे मी कुणाशी बोलले नव्हते. ते या वहीत आहे. दहा तारखेच्या पानावर.

पुढे तिसरी चौकट उघडी. माझा भाव मलाच विचारत होती. शेजारी जयमाला बसते, तिने बघू नये म्हणून पटकन शांत लिहिलं.

फोन टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. हे पान ओठ मिटून लिहिते आहे. हात अडखळतो. न पुटपुटता मला 'अडखळतो'सुद्धा धड लिहिता येत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
बुलढाणा. पोलिसांच्या ऑफिसात चार तास बाकावर बसवलं. अमीनाबींचा रोजा होता, त्यांनी थुंकीही गिळली नाही. आत बोलावलं ते साहेब मऊ बोलणारे. मी सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला. म्हणाले, ताई, परत कशाला त्रास घेतला? तुमचा जबाब तर आलेला आहे.

आणि लावला. पत्र्याचा आवाज नाही. माझा. माझा स्वतःचा, बोर्डिंगातला स्वच्छ आवाज.

"मी त्यांच्या घरी राहते. गोळी सुटताच लगेच ये, असं नजीरभाई म्हणाले. माल बांधून ठेवला आहे. हे मला माहीत होतं."

मी हे कधीच बोलले नाही. पण प्रत्येक शब्द माझा आहे. मी ओरडले की हे जोडलेलं आहे. साहेबांनी विचारलं, यातला कोणता शब्द तुमचा नाही? मला एकही दाखवता आला नाही.

अमीनाबी शेजारीच उभ्या होत्या.

परतीच्या गाडीत त्या दुसऱ्या बाकावर बसल्या. मेहकर आलं तेव्हा मान न वळवता एवढंच म्हणाल्या, "काऊन बोलल्या बाई तुम्ही असं?"

२८ फेब्रुवारी, शनिवार
राजीनामा द्यायला गेले. अर्ज लिहायला बसले, तर पडद्यावर तो आधीच लिहिलेला. 'प्रकृतीच्या कारणास्तव'. मी तेच लिहिणार होते. माझा अर्धविरामसुद्धा जागच्या जागी.

सर म्हणाले, जा मॅडम, खुशाल जा. आता तुमची गरज—

ते थांबले. पुढचं मला समजलं.

१ मार्च
ठरवलं, वाक्य पुरं करायचं नाही. अर्ध्या वाक्याचा अर्थ कुणी काय—

फोन डब्यात आहे. तरी तांदळातून माझा आवाज येतो. हळू. मी सोडलेली वाक्यं ती बाई पुरी—

झाकण काढलं. फोन बंद होता. बंदच होता.

२ मार्च
माझी बॅग जिन्याच्या पहिल्या पायरीवर, अमीनाबींनी आणून ठेवलेली. वर घड्या घातलेल्या माझ्या साड्या. अमीनाबींनी शिव्या दिल्या असत्या तर—

दुकानाला कुलूप. दारावरच्या खिळ्यांना तार नाही.

जाताना सांगितलं त्यांना. मीच लिहिलं होतं ते. सगळं सांगितलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि बोटाने दाखवलं, कोपऱ्यातला त्यांचा फोन. हळू बोला, अशी खूण.

मला नाही, फोनला भ्यायल्या त्या. आता मी बोलले ते सगळं—

३ मार्च, संध्याकाळ
एस.टी. स्टँड, लोणार. मेहकरची गाडी अजून नाही.

आज गोळा नाही. परवापासून बंद केला. मशिदीतल्या लोकांनी ठरवलं, उगाच कशाला. सूर्य बुडाला. माणसं हातात खजूर धरून बसली आहेत. एकमेकांकडे बघतात. कुणी फोन काढून वेळ बघत नाही.

अमीनाबी आल्या आहेत. टोपलीत पुड्या, एकटीने बांधलेल्या. सगळ्यांना दिल्या. माझ्या बाकावर एक ठेवली. सुतळी नव्हती, चिंधीने बांधलेली.

रुमाल दातांत धरला आहे. ओठ हलायला नकोत. एकच वाक्य, पूर्ण, शुद्ध, ते कुणाला तरी सापडेल. नजीरभाईंसाठी. मांडीवरच्या पिशवीत फोनचा उजेड पडला आहे. बघत नाही. तीन चौकटी असतील, दोन भरलेल्या. आधी मी. फोनमधल्या त्या बाईच्या आधी मी लिहीन.

गोळा म्हणजे