सशासाठी ठेवलेलं गवत

आये, सशाला भात, पाव, चपाती काही घालायचं नाही, हे तू मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतंस. परळच्या प्रयोगशाळेत जनावरांना खाऊ-पिऊ घालायचं तुझं काम, साठ-सत्तर ससे तुझ्या हाताखालचे. त्यांतला एक कान फाटलेला, तिथल्या डॉक्टरांना नको असलेला, तू पदराखाली घेऊन लालबागच्या आपल्या खोलीत आलीस, तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी घरी एकटी असते म्हणून तू तो आणलास. पिंजरा ठेवायच्या आधी तू मला समोर बसवलंस. "तेचे दात जल्मभर वाढतत. गवात खाल्ल्यानीच झिजतत. गवात कधी संपूक देव नको." सुकं गवत त्याच्या अंगाएवढं, रोज, सतत समोर. वर मूठभर पाला, मुळ्याचा नाहीतर कोथिंबिरीचा, धुऊन निथळलेला. कोबी नको, पोट फुगतं. गाजर म्हणजे त्याचा पेढा, अंगठ्याच्या पेराएवढं, तेही चार दिवसांनी. आणि एक दिवस जरी तो जेवला नाही तरी मला सांग, म्हणालीस, कारण सशाचं पोट थांबलं की ससा गेला.

मला तो फारसा आवडत नव्हता, हे तुला कधी कळलं नाही. तो गवत खायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. तू कामावरून आलीस की मात्र जाळीला नाक लावायचा.

मग तो हरताळ. चाळीच्या पटांगणात सभा झाली होती, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून तूही हात वर करून ओरडली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चपला घालतेस आणि शेजारच्या काकू दारात उभ्या. "अगो, आज खंय चाललंस? लोक काय म्हणतील?" तू म्हणतेस, "मुक्या जनावराक हरताळ कसो कळतलो?" मला म्हणतेस, संध्याकाळपर्यंत येते. तरीही दोन दिवसांचं गवत मोजून पिंजऱ्याशेजारी ठेवतेस. दुपारी गोळीबार झाला, संचारबंदी लागली. तू प्रयोगशाळेतच अडकलीस.

काकूंनी मला रात्री गूळ-चपाती दिली. एक तुकडा मी जाळीतून आत धरला. तो पहिल्यांदा माझ्याकडे आला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, माझी बोटं चाटली. मी आणखी दिला. सकाळी भात दिला, मग परत चपाती. मी पिंजरा उघडला, आणि दिवसभर तो माझ्यामागे खोलीभर फिरत होता. गवताला त्याने तोंड लावलं नाही, मीही त्याच्यापुढे केलं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तो कोपऱ्यात दात करकरवत बसला होता. पोट हाताला घट्ट लागत होतं. लेंडी एकही नव्हती. दुपारी तो आडवा झाला आणि मग हलला नाही. मी रडले नाही. खाली कोणीतरी ओरडलं, संचारबंदी उठली, माणसं घरी येतायत. मी गवताची ती पेंढी उचलली, चुलीत घातली आणि काडी लावली. गवत भसकन जळून गेलं. घरात धुराचा वास राहिला, पण त्या दिवशी बाहेरही धूरच होता.

तू आलीस तेव्हा तुझ्या पदरात ओलं गवत होतं. पिंजऱ्याकडे पाहिलंस. "काय घातलंस गो तेका?" मी म्हटलं, "काहीच नाही. गवत काल सकाळीच संपलं." तू खाली बसलीस. पदरातलं गवत तसंच राहिलं. मग म्हणालीस, "दुसऱ्यांची साठ जगवलंय, नि आपला येक उपाशी मारलंय." मी चुलीतली राख आत ढकलली. त्या आठवड्यात नळावर बायका तुझ्याशी बोलत नव्हत्या, हरताळ मोडला म्हणून. ते तू सहज सोसलंस. हे मात्र नाही. पुढच्या महिन्यात तू जनावरं सोडून बाटल्या धुण्याचं काम मागून घेतलंस, आणि निवृत्त होईपर्यंत बाटल्याच धुतल्यास. शेवटच्या आजारपणात मी तुला पेज भरवत होते, तर तू म्हणालीस, "आणि येक मूठ गवात ठेवूक व्हया होता." मी चमचा पुढे केला. म्हटलं, "आये, जेव."

आता मी तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. वाटलं होतं, लिहिताना काहीतरी होईल. काही होत नाही. हात जरा दुखतो, तेवढंच. हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. पण तू असतीस तरी काय झालं असतं? तुला वाचता येत नव्हतं. गावची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, आणि तुला त्रास होईल असं काही असलं की ती ओळ गाळून पुढे जायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं. काकूंच्या गूळ-चपातीपर्यंत आले असते, आणि तिथे मी पान उलटलं असतं.